खुर्चीतले टेनिस

आमच्या घरात भांडणे फारशी होत नाहीत. जी होतात ती आमटीतल्या मिठावरून, पंख्याच्या वेगावरून किंवा माझ्या मेव्हण्यांनी आमच्या लग्नात काढलेल्या काही उद्गारांवरून होतात. आणि ही तिन्ही कारणे आता इतकी मुरली आहेत की, भांडताना कोणाला विचार म्हणून करावा लागत नाही. परंतु गेल्या दिवाळीत आमच्याकडे जे भांडण झाले ते चक्क एका तत्त्वावरून झाले. खेळ खरा असावा की मौजेचा असावा, असा तो प्रश्न होता. वसुबारसेला त्याला तोंड लागले आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ते मिटले. मिटले म्हणजे काय, मी हरलो.

त्याचे झाले असे. दिवाळीच्या आधी आमच्या सौभाग्यवती मला माळ्यावर चढवतात. आमच्याकडे सणाची सुरुवात उटण्याने होत नाही, ती अशी जळमटांनी होते. गेल्या वर्षी या चढाईत मला एका जुन्या साडीत गुंडाळलेले खोके सापडले. माझ्या धाकट्या भावाने २००८ साली अमेरिकेहून येताना आमच्या चिरंजीवांसाठी एक व्हिडिओ गेमचे यंत्र आणले होते, तेच ते. निनाद तेव्हा शाळेत होता. पुढे बारावी आली, यंत्र माळ्यावर गेले, आणि निनाद संगणक अभियंता होऊन खाली राहिला.

“बाबा, वी सापडलं!” तो लहान मुलासारखा ओरडला. दोन दिवस खटपट करून त्याने ते चालू केले. यंत्र अमेरिकन, म्हणजे ११० व्होल्टचे. त्याच्यासाठी पाटावरवंट्याच्या वजनाचा एक ट्रान्सफॉर्मर. त्याच्या लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या वायरींना आमच्या नव्या टीव्हीत जागाच नाही. त्यासाठी मध्ये आणखी एक डबी. एवढा संसार मांडल्यावर पडदा उजळला, आणि दिवाळीसाठी आलेली आमची नऊ वर्षांची नात ईशा टाळ्या पिटू लागली.

ज्या वाचकांच्या घरी हा पाहुणा कधी आला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. निन्टेन्डो ही जपानातल्या क्योटोची कंपनी. १८८९ साली पत्ते तयार करण्यापासून तिने सुरुवात केली, आणि २००६ च्या अखेरीस हे ‘वी’ नावाचे यंत्र काढले. तोपर्यंत व्हिडिओ गेम म्हणजे दोन अंगठ्यांनी डझनभर बटणे दाबण्याची कसरत होती. ती पोरांना जमे, वडीलधाऱ्यांना जमत नसे. ‘वी’ने बहुतेक बटणे बाजूला सारली. टीव्हीच्या रिमोटएवढी पांढरी कांडी हातात धरायची आणि रॅकेट फिरवावी तशी फिरवायची, की पडद्यावरची बाहुली रॅकेट फिरवते. बहुतेक देशांत यंत्राबरोबरच ‘वी स्पोर्ट्स’ नावाची तबकडी मिळे. तीत टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ होते. ही यंत्रे जगभर दहा कोटींहून अधिक खपली. ज्यांनी जन्मात कधी असला खेळ खेळला नव्हता त्या आज्या-आजोबांनीही कांड्या हातात घेतल्या, आणि अमेरिकेतल्या वृद्धनिवासांत बोलिंगच्या स्पर्धा भरू लागल्या.

आता माझ्याविषयी. कॉलेजात असताना मी टेनिसच्या संघात राखीव खेळाडू होतो. खेळाचे तंत्र मुख्य खेळाडूपेक्षा राखीव खेळाडूच्या अधिक लक्षात राहते; कारण बाकावर बसून त्याने दुसरे काही पाहिलेलेच नसते. तेव्हा मी दिवाणखान्याच्या मधोमध बाजू वळवून उभा राहिलो, गुडघे किंचित वाकवले, हात खांद्यापासून मागे नेला आणि शास्त्रशुद्ध फटका मारला. चेंडू बाहेर गेला.

माझ्याविरुद्ध आमच्या सौ. होत्या. त्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर चकल्यांचा डबा होता, डाव्या हातात चकली होती, आणि उजव्या हाताने आमटीवरची माशी हाकलावी तशी त्या कांडी हलवत होत्या. एवढ्यावर त्यांची बाहुली वाघिणीसारखी धावे आणि चेंडू माझ्या बाहुलीच्या कानाजवळून सणसणत जाई. सामना सरळ सुटला. मी घामाघूम झालो होतो. सौ.ची चकलीसुद्धा संपली नव्हती.

“हे टेनिस नव्हे,” मी म्हणालो.

“मग तुम्ही हरलात कशात?” सौ.नी विचारले.

मी निनादकडे दाद मागितली. त्याने जे समजावून सांगितले त्यावरून माझा संताप शास्त्रीय पायावर उभा राहिला. कांडीच्या पोटात एक चिप असते. तिच्यात अतिसूक्ष्म स्प्रिंगांवर सिलिकॉनचा एक कण तोललेला असतो. कांडीला हिसका बसला की तो कण सरकतो, आणि तेवढ्यावरून यंत्राला वेगातला फरक कळतो. डोळे मिटून बसमध्ये उभ्या असलेल्या प्रवाशाची जी स्थिती, तीच त्याची. ब्रेक लागला हे त्याला बरोबर कळते. बस दादरला आहे की परळला, हे मात्र कळत नाही. तुम्ही हात खांद्यापासून फिरवा की मनगटापासून, उभे राहा की चकली खा, यंत्राला त्याचे सोयरसुतक नाही. बाहुली चेंडूमागे आपोआप धावते. तुमच्याकडे काम उरते ते एकच: नेमक्या क्षणी हात हलवणे. क्षण थोडा आधी पडला तर चेंडू एका अंगाला जातो, थोडा उशिरा पडला तर दुसऱ्या.

“म्हणजे शुद्ध फसवणूक!” मी म्हणालो.

“यावर उपाय आहे, बाबा,” निनाद म्हणाला, आणि त्याने खोक्याच्या तळातून एक चौकोनी ठोकळा काढला. २००९ साली कंपनीने कांडीच्या बुडाला जोडण्यासाठी तो काढला होता. नाव ‘मोशनप्लस’. त्याच्यात जायरोस्कोप असतो, म्हणजे वळणे मोजणारी चिप. या चिपमध्ये एक बारीकशी रचना अखंड थरथरत असते. कांडी वळली की त्या थरथरीचा रोख ढळतो, आणि मनगट कुठल्या बाजूला किती वळले ते यंत्राला समजते. आपल्या बसमधल्या प्रवाशाला आता वळणेही कळू लागली, म्हणा ना. या ठोकळ्यासाठी ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’ नावाची वेगळी तबकडी होती, आणि तीत तलवारबाजी, तिरंदाजी, टेबल टेनिस असे बारा खेळ होते.

धनत्रयोदशीला आम्ही ती लावली. काय सांगू! तलवार जशी तिरकी धरावी तशी पडद्यावर तिरकी होई. तिरंदाजीत कांडी धनुष्यासारखी उभी धरायची, दुसऱ्या हातातले उपकरण दोरीसारखे मागे ओढायचे. हात हलला की नेम हलला. इथे माशी हाकलून भागणार नव्हते. सौ.चे तीन बाण झाडीत गेले. माझा एक मधोमध लागला आणि मी कित्येक वर्षांत केली नव्हती अशी एक उडी मारली. ईशाने मात्र मनगटाची दोरी न घालता तलवारीचा असा वार केला की कांडी हातातून निसटून थेट गॅलरीतल्या आकाशकंदिलात शिरली. दोरी घाल म्हणून सांगायचे माझे काम होते. पण मी त्या वेळी उडी मारत होतो. अशा उडत्या कांड्यांपायी कंपनीला डिसेंबर २००६ मध्येच जाड दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या होत्या, हे निनादने कंदील चिकटवताना सांगितले.

अशा रीतीने घरात दोन पक्ष पडले. मी आणि निनाद खरेपणाच्या बाजूला, सौ. आणि ईशा मौजेच्या बाजूला. आमचे म्हणणे असे की, जे हाताने केले तेच पडद्यावर दिसावे. नाहीतर खेळणाऱ्याच्या कसबाला किंमत काय राहिली? त्यांचे म्हणणे असे की, खरेच टेनिस खेळायचे असेल तर मैदान कोपऱ्यावरच आहे, तिकडे जा. फराळाच्या ताटावर हा वाद दोन्ही वेळा चाले. एका माणसाने मात्र त्यात कधीच भाग घेतला नाही. ते म्हणजे आमचे आप्पा.

आप्पा माझे वडील. वय वर्षे चौऱ्याऐंशी. तरुणपणी, म्हणजे १९६० नंतरच्या काळात, ते कांगा लीगमध्ये लेगब्रेक टाकत. मुंबईची ही लीग १९४८ पासून भर पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या खेळपट्टीवर आणि भिजलेल्या चेंडूवर मनगट काय काय करू शकते, याच्या कथा आम्ही आप्पांकडून लहानपणी ऐकल्या आहेत. त्याच मनगटाला आता कंपवात आहे. गेल्या चार वर्षांत त्यांनी एकेक गोष्ट सोडली. आधी कपबशी सोडली आणि पेला घेतला. मग सही सोडली. मग आपण होऊन कोणासमोर जेवायला बसणेही सोडले. त्याविषयी ते कधी बोलत नाहीत, आणि आम्हीही बोलत नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी ईशाने त्यांच्या हातात कांडी दिली होती आणि दोरी नीट मनगटाला बांधली होती. “पणजोबा, बोलिंग खेळा. बसून चालतं,” ती म्हणाली. बोलिंग म्हणजे लांब लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळत सोडून पलीकडच्या दहा पिना पाडायच्या. आप्पांनी खुर्चीत बसूनच हात मागे नेला आणि पुढे आणला. जुन्या तबकडीच्या हिशेबात मोठा झोका तेवढा येई. त्यातली बारीक थरथर ते यंत्र मनावर घेत नसे. चेंडू सरळ गेला. आठ पिना पडल्या. तिसऱ्या की चौथ्या फेरीला दहाच्या दहा पडल्या, आणि आप्पांनी आजूबाजूला असे पाहिले की, जणू पंचाने बोट वर केले होते की नाही याची ते खात्री करून घेत होते.

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडून एक वही मागून घेतली. हाताने लिहिता येत नव्हते, म्हणून ईशाला लेखनिक नेमले. वहीत तारीख, खेळणाराचे नाव आणि गुण. दुसऱ्या दिवशी दुपारची झोप टाकून ते चार वाजताच दिवाणखान्यात येऊन बसले.

आणि मग आम्ही खरेपणाच्या पक्षाने ती नवी तबकडी लावली.

धनत्रयोदशीच्या रात्री आप्पांनी नव्या खेळातले बोलिंग केले. चेंडू सुटला, अर्ध्या वाटेवर डावीकडे वळला आणि बाजूच्या नळीत पडला. दुसरा तसाच. तिसराही तसाच. निनादने आवाजात उसना उत्साह आणून सांगितले, “आप्पा, मनगट सरळ ठेवा. हे मनगटाचं वळणसुद्धा मोजतं.” आप्पांनी दुसऱ्या हाताने मनगट धरून पाहिले. चौथा चेंडूही नळीत गेला. मग त्यांनी दोरी सोडवली, कांडी जपून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “चांगलं यंत्र आहे. खरं बोलतं.” आणि खोलीत जाऊन झोपले. वही टेबलावरच राहिली.

खरेपणाचा असा दणदणीत विजय झाल्यावर मला झोप येणे शक्यच नव्हते.

त्या रात्री मला एक जुना किल्ला आठवला. १९७५ च्या सुमाराची गोष्ट. मी नऊ-दहा वर्षांचा होतो. आम्ही चाळीत राहत असू, आणि दिवाळीत चाळीमागे मुलांचे किल्ले होत. त्या वर्षी शाळेत आम्हाला नकाशाचे प्रमाण शिकवले होते, आणि मी ठरवले की प्रतापगड करायचा तो अगदी प्रमाणात. एका वितीला शंभर हात. तट झाला, बुरूज झाले, आणि मग मी मातीचे मावळे हातात घेऊन हिशेब केला. माझ्या प्रमाणाने एकेक मावळा चाळीस फूट उंच भरत होता, आणि महाराज सहासष्ट फूट! मी सगळी चित्रे उचलून टोपलीत टाकली. प्रमाणात बसणारा माणूस तांदळाच्या दाण्याएवढा हवा होता, म्हणून आईच्या डब्यातून मूठभर तांदूळ आणून ते तटावर पहाऱ्याला ठेवले. सकाळी उठून पाहतो तो चिमण्यांनी सगळे सैन्य फस्त केलेले.

चाळीतले एकही मूल माझा किल्ला पाहायला आले नाही. मी दिवसभर हिरमुसून बसलो. संध्याकाळी आप्पा कचेरीतून आले, त्यांनी किल्ल्याकडे पाहिले, टोपलीकडे पाहिले, आणि पायजमा वर ओढून उकिडवे बसून एकेक मावळा पुन्हा बुरुजावर लावला. महाराजांना वर बसवले. मी कुरकुरलो, “पण आप्पा, हे प्रमाणात नाही.” ते म्हणाले, “अरे, किल्ल्यावर माणसं नकोत का?” अर्ध्या तासात तिथे पोरांची ही गर्दी जमली.

अंथरुणात पडल्या पडल्या मला वाटू लागले की, आपण तेव्हाही चुकीचा प्रश्न विचारत होतो आणि आताही तोच विचारतो आहोत. मुली भातुकली खेळतात तेव्हा चूल खोटी असते, भात खोटा असतो. पण आधी पाहुण्यांना वाढायचे आणि मग आपण बसायचे, हा नियम खरा असतो, आणि तो मोडला तर खरेखुरे रडणे होते. जुन्या टेनिसने पाय सोडले, खांदा सोडला. पण नेमकी वेळ साधण्याचे कसब मात्र कसून मागितले. सौ. जिंकल्या त्या फसवणुकीने नव्हे. चाळीस वर्षे उतू जाणारे दूध नेमक्या क्षणी उतरवून त्यांची वेळ साधलेली होती. सगळेच खरे ठेवले तर त्याला खेळ म्हणता येत नाही, आणि काहीच खरे ठेवले नाही तरी म्हणता येत नाही. काय ठेवायचे आणि काय सोडून द्यायचे, हे ठरवण्यातच खेळ करणाऱ्याची अक्कल दिसते.

पुढे काय झाले तेही निनादने मला सांगितले होते. २०१० साली मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ काढले. हातात काहीच धरायचे नाही. कॅमेराच तुमचे सारे अंग पाहणार. खरेपणाची ती कमाल होती. पहिल्या दोन महिन्यांत ऐंशी लाख खपले, आणि २०१७ साली त्याचे उत्पादनच थांबले. हातात रॅकेट असल्याचा भासही नसेल तर मारणार कशाने? उलट २०२२ साली निन्टेन्डोने ‘स्विच स्पोर्ट्स’ काढला, तेव्हा वळणे मोजणारी चिप प्रत्येक कांडीत आधीपासूनच होती. तरीही त्यातल्या टेनिसमध्ये बाहुली चेंडूमागे धावते ती आपोआपच.

मी उठलो. अंधारातच दिवाणखान्यात गेलो, ठोकळा काढला, तबकडी बदलली. येताना पाय कशाला तरी अडखळला आणि तो ट्रान्सफॉर्मर स्टुलावरून एका काळ्या पट्टीवर पडला. पट्टीचा काडकन आवाज झाला.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी चार वाजता निनादने यंत्र लावले, आणि खेळ सुरूच होईना. मी मोडलेल्या पट्टीचा गुन्हा कबूल केला. ही पट्टी टीव्हीखाली ठेवतात. तिला ‘सेन्सर बार’ म्हणतात खरे, पण तिला स्वतःला काहीच कळत नाही. तिच्या दोन टोकांना डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचे दिवे असतात. पाहण्याचे काम करतो तो कांडीच्या टोकातला कॅमेरा, आणि ते दिवे त्याला जसे दिसतील त्यावरून पडद्यावरचा बाण हलतो. बाण नाही तर ‘सुरू’चे बटण नाही.

“दोन मेणबत्त्या लावल्या तरी चालतं,” निनाद म्हणाला. “ज्योतीतही अवरक्त प्रकाश असतोच.”

“मेणबत्त्या कशाला?” ईशा म्हणाली, आणि धावत जाऊन दोन पणत्या घेऊन आली.

टीव्हीपुढच्या स्टुलावर आम्ही त्या वीतभर अंतरावर ठेवल्या. पडद्यावर बाण उमटला. पण तो चळ लागल्यासारखा इकडून तिकडे उड्या मारू लागला, कारण शेजारच्या कोनाड्यात समई तेवत होती आणि कॅमेऱ्याला तीही दिवाच वाटत होती. समई आज हलणार नाही, असा सौ.चा हुकूम सुटला. तेव्हा खरेपणाच्या पक्षाचा पुढारी, म्हणजे मी, समईच्या आड पाट धरून उभा राहिलो. बाण थांबला. निनादने बटण दाबले. बोलिंग सुरू झाले.

ईशा खोलीत जाऊन आप्पांना हाताला धरून घेऊन आली. ते खुर्चीत बसले. तिने दोरी बांधली. त्यांनी हात मागे नेला. हात थरथरत होता, आणि आम्ही सगळे पडद्याकडे पाहत होतो. चेंडू सरळ गेला. सात पडल्या. दुसऱ्या चेंडूला उरलेल्या तीन.

आप्पांनी पडद्याकडे पाहिले, ठोकळा काढलेल्या कांडीकडे पाहिले, आणि मग पाट धरून उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिले.

“तबकडी बदललीस वाटतं?”

“हो, आप्पा.”

“बरं केलंस,” ते म्हणाले. “खरं काय ते डॉक्टर दर महिन्याला सांगतातच. खेळानं कशाला सांगायला हवं?” आणि ईशाकडे वळून म्हणाले, “हं, लेखनिक, मांडा दहा. वही कुठं ठेवली होतीस?”

ती वही आता भरत आली आहे. पट्टी नवी आणली, पण आप्पांना पणत्यांचीच सवय झाली आहे. चार वाजले की त्या लागतात. मी आठवड्यातून दोनदा सौ.शी टेनिस खेळतो आणि दोनदा हरतो. त्या अजून खुर्चीतून उठलेल्या नाहीत. आणि मीही अजून म्हणतो की, हे टेनिस नव्हे. फक्त आता उभ्याने म्हणत नाही.